वांजिकूला काय कळतं?

श्रोतेहो, नमस्कार.

केनियातल्या गिकुयू समाजात घरोघरी सापडणारं मुलीचं नाव म्हणजे वांजिकू. आपल्याकडे पूर्वी दर वाड्यात एक सखू किंवा गंगू असायची, तसं. १९९०च्या दशकात तिथे नव्या राज्यघटनेची मागणी जोर धरू लागली, तेव्हा अध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी विचारलं होतं, की वांजिकूला घटनेतलं काय कळतं? हिणवायला काढलेलं हे नाव लोकांनी उचलून धरलं. गाडो या व्यंगचित्रकारानं वांजिकूला वर्तमानपत्रात आणलं, मग ती सभांमध्ये आली, अग्रलेखांत आली. आज केनियात ‘वांजिकू’ म्हणजे सामान्य माणूस. आणि गंमत अशी, की पुढच्या पंधरा-वीस वर्षांत याच वांजिकूला राज्यघटनेबद्दल दोनदा मत विचारावं लागलं. एकदा ती ‘नाही’ म्हणाली, एकदा ‘हो’.

स्वाहिली भाषेत राज्यघटनेला ‘कातिबा’ म्हणतात. शब्द अरबीतून आलेला. आपल्याकडचा किताब, लेखनिक या अर्थाचा कातिब, शाळेला म्हणायचे तो मकतब, सगळी एकाच धातूची भावंडं. कातिबा म्हणजे लिहिलेलं. प्रश्न एवढाच, की लिहिलं कोणी.

केनियाची पहिली घटना लिहिली गेली लंडनमध्ये, लँकेस्टर हाउस नावाच्या इमारतीत. वाटाघाटींच्या वेळी आफ्रिकी नेत्यांच्या सल्लागारांत फिट्झ डिसूझा हे गोव्याच्या घराण्यातले वकीलही होते. १२ डिसेंबर १९६३ला देश स्वतंत्र झाला, तेव्हाच्या घटनेत प्रांतांना अधिकार होते, संसदेला दोन सभागृहं होती. पाच वर्षं उलटायच्या आत प्रांत नावापुरते उरले आणि वरचं सभागृह गुंडाळलं गेलं. १९६६मध्ये उपाध्यक्ष ओगिंगा ओडिंगा आपले खासदार घेऊन वेगळे झाले, तर पक्ष सोडणाऱ्याला पुन्हा निवडून यावं लागेल अशी दुरुस्ती घाईघाईनं करण्यात आली. १९८२मध्ये ‘२ अ’ नावाचं कलम आलं आणि देशात कायद्यानंच एक पक्ष उरला. १९८८मध्ये न्यायाधीशांच्या नोकरीची हमी काढून घेतली. त्याच वर्षी पक्षाच्या उमेदवारनिवडीत लोकांना उमेदवाराच्या माणसामागे उघड्यावर रांगेत उभं केलं. स्वाहिलीत याला म्लोलोंगो म्हणतात, म्हणजे रांग. मतपत्रिका नाही, पडदा नाही. कोण कोणाच्या मागे उभा आहे हे सगळ्या गावाला दिसणार. आणि लांब रांग सोडून आखूड रांगेचा उमेदवार विजयी ठरवल्याच्या तक्रारी झाल्या, त्या वेगळ्याच.

या सगळ्या दुरुस्त्या संसदेनं केल्या, कायदेशीर मार्गानं केल्या. बंड नाही, रणगाडे नाहीत. घटना आतून पोखरली गेली. म्हणून नवी घटना हवी, असं म्हणणाऱ्यांनी पहिल्यापासून एक धरून ठेवलं होतं, की ती संसदेच्या हातात देऊन चालणार नाही. लोकांना विचारा.

२०००च्या सुमारास आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते यश पाल घई, केनियातच जन्मलेले भारतीय वंशाचे घटनातज्ज्ञ. आयोग सगळ्या २१० मतदारसंघांत फिरला. लोक येऊन बोलले: जमिनीबद्दल, पाण्याबद्दल, पोलिसांबद्दल, नवऱ्याच्या मागे जमीन कोणाच्या नावावर लागते याबद्दल. मग नैरोबीजवळ ‘बोमास ऑफ केनिया’ या सांस्कृतिक केंद्रात सहाशेहून जास्त प्रतिनिधींची परिषद भरली. बोमा म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, आपला वाडा-गोठा म्हणा ना. २००४च्या मार्चमध्ये तिथे मसुदा तयार झाला. त्यात पंतप्रधानपद होतं, अध्यक्षाचे अधिकार छाटले होते.

आता २००२ साली म्वाई किबाकी अध्यक्ष म्हणून निवडून आले होते, ते शंभर दिवसांत नवी घटना देऊ या आश्वासनावर. पण खुर्चीवर बसल्यावर खुर्ची तशी बरीच आरामशीर वाटते. सरकारच्या बाजूनं मसुद्यात फेरफार झाले, महाधिवक्ता आमोस वाको यांच्या नावानं ओळखला जाणारा नवा मसुदा आला आणि त्यात अध्यक्ष पुन्हा बळकट झाले. सार्वमताची तारीख ठरली २१ नोव्हेंबर २००५.

ज्यांना वाचता येत नाही अशांसाठी चिन्हं हवीत, म्हणून निवडणूक आयोगानं फळं दिली. ‘हो’ला केळं, ‘नाही’ला संत्रं. झालं! शेकडो कलमांचा ग्रंथ बाजूला राहिला आणि देशभर फळांची भांडणं सुरू झाली. संत्र्याच्या बाजूला रायला ओडिंगा, म्हणजे त्याच ओगिंगा ओडिंगांचे चिरंजीव, आणि किबाकींच्याच मंत्रिमंडळातले आणखी काही मंत्री. सकाळी एकाच बैठकीत बसायचे आणि दुपारी एकमेकांविरुद्ध सभा घ्यायचे.

गोव्यातल्या श्रोत्यांना हे ओळखीचं वाटेल. १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, केंद्रशासित राहायचं असेल तर दोन पानं. पानं जिंकली, ३४,०२१ मतांनी. पण तिथे प्रश्न एकच होता आणि तो घराघरात सगळ्यांना नीट समजलेला होता. केनियात एका फळात शेकडो कलमं कोंबली होती. त्यातलं एखादं पटतं आणि दुसरं पटत नाही असं ज्याला वाटत होतं, त्यानं करायचं काय? अर्धं केळं सोलायचं?

माझं मत विचाराल, तर अशा वेळी लोक छापलेल्या प्रश्नाचं उत्तर देतच नाहीत. ते विचारणाऱ्याकडे बघतात. कोण विचारतोय, आत्ताच का विचारतोय, याचा माझ्याकडून काय फायदा करून घेणार आहे. २००५मध्ये ५८ टक्क्यांच्या आसपास मतं संत्र्याला पडली. आठपैकी सात प्रांतांनी ‘नाही’ म्हटलं. उरला तो मध्य प्रांत, किबाकींचा स्वतःचा. याला घटनेवरचा निकाल म्हणणं भाबडेपणाचं होईल. तो किबाकींवरचा निकाल होता. किबाकींनी तो मान्य केला हे खरं, पण दोनच दिवसांनी अख्खं मंत्रिमंडळ बरखास्त केलं आणि पुन्हा बनवलं तेव्हा संत्रेवाल्यांना बाहेर ठेवलं. त्यांनी मग संत्र्याच्याच नावाचा पक्ष काढला: ऑरेंज डेमोक्रॅटिक मूव्हमेंट. सार्वमतासाठी दिलेलं फळ पक्षाचं नाव होऊन बसलं.

पुढचं सांगताना आवाज जरा खाली येतो. २७ डिसेंबर २००७ची निवडणूक याच दोन गटांत झाली. मतमोजणीवर वाद, आणि ३० डिसेंबरला संध्याकाळी घाईत किबाकींचा शपथविधी. त्यानंतरच्या दोन महिन्यांत ११००हून जास्त माणसं मारली गेली, लाखो लोक घर सोडून पळाले. १ जानेवारीला एल्डोरेटजवळ कियाम्बा इथे चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्या बायकामुलांवर चर्च पेटवून दिलं गेलं. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांनी आठवडेच्या आठवडे नैरोबीत ठाण मांडलं आणि २८ फेब्रुवारी २००८ला करार झाला. किबाकी अध्यक्ष, ओडिंगा पंतप्रधान. आणि करारानंतरच्या कामांच्या यादीत ते जुनं, रखडलेलं काम: नवी घटना.

या वेळी मसुदा तज्ज्ञांच्या समितीनं केला, काही केनियाचे, काही बाहेरचे, समितीचे अध्यक्ष न्झाम्बा किटोंगा. संसदेत खासदारांनी दुरुस्त्यांचा ढीग टाकला, पण दुरुस्तीला किमान ६५ टक्के खासदारांची मतं लागत होती आणि ती एकाही दुरुस्तीला जमली नाहीत. मसुदा होता तसा १ एप्रिल २०१०ला पार पडला. खासदारांचं एकमेकांशी पटलं नाही म्हणून मसुदा वाचला, असंही म्हणता येईल.

मग सरकारी छापखान्यात एक प्रकार घडला. छापलेल्या काही प्रतींमध्ये मूलभूत हक्कांच्या प्रकरणात ‘राष्ट्रीय सुरक्षा’ हे दोन शब्द जास्तीचे निघाले. मूळ मसुद्यात नव्हते. हक्कांवर मर्यादा घालायला हे दोन शब्द किती पुरतात, ते तुम्हाला सांगायला नको. आरडाओरडा झाला, त्या प्रती मागे घेतल्या गेल्या. वांजिकू आता छापील मजकूर ताडून बघायला लागली होती.

४ ऑगस्ट २०१०. या वेळी फळं नव्हती, रंग होते. ‘हो’ला हिरवा, ‘नाही’ला लाल. किबाकी आणि ओडिंगा दोघेही हिरव्यात. लालमध्ये माजी अध्यक्ष मोई, मंत्री असलेले विल्यम रुटो आणि बरीच चर्चेस. चर्चचा आक्षेप गर्भपाताविषयीच्या कलमाला आणि मुस्लिमांच्या वारसा-विवाहाच्या प्रकरणांसाठी असलेल्या काझी न्यायालयांना. ही न्यायालयं खरं तर स्वातंत्र्यापासून घटनेत होतीच. किनारपट्टी झांझिबारच्या सुलतानाकडून केनियात आली तेव्हा दिलेला तो शब्द होता. जूनमध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये लालवाल्यांच्या सभेत स्फोट झाले, माणसं गेली. पण मतदानाचा दिवस शांततेत पार पडला. ७० टक्क्यांहून जास्त लोकांनी मत दिलं, आणि दोन तृतीयांशांहून जास्त मतं हिरव्याला पडली.

सगळ्यांनी घटना वाचली होती का? नसणार. पण विचारणारा बदलला होता. या वेळी एका बाजूचा नेता विचारत नव्हता, आधी एकमेकांच्या उरावर बसलेले दोघे मिळून विचारत होते. आणि रिफ्ट खोऱ्यात, म्हणजे त्या एल्डोरेटच्या बाजूला, जळलेल्या घरांची राख अजून आठवणीत होती. २७ ऑगस्टला त्याच उहुरू पार्कमध्ये नवी घटना लागू झाली. ४७ काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, प्रत्येकीला निवडून आलेला गव्हर्नर, राष्ट्रीय महसुलातला किमान १५ टक्के वाटा काउंटींना, नवं सर्वोच्च न्यायालय, परत आलेलं वरचं सभागृह, म्हणजे सीनेट. निवडून येणाऱ्या कुठल्याही सभागृहात एकाच लिंगाचे दोन तृतीयांशाहून जास्त सभासद नकोत, हाही नियम. तो संसदेनं अजून पाळलेला नाही. सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांनी २०२०मध्ये अध्यक्षांना लेखी सल्ला दिला, की कायदा न करणारी ही संसद बरखास्त करा. संसद राहिली, मरागा निवृत्त झाले.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती शेवटाकडची तीन कलमं, २५५ ते २५७. काही गोष्टी, म्हणजे लोकांचं सार्वभौमत्व, मूलभूत हक्क, अध्यक्षाचा कार्यकाल, न्यायालयांचं स्वातंत्र्य, काउंटींची रचना, या बदलायच्या तर संसद पुरत नाही, सार्वमत लागतं. त्यातही निम्म्या काउंटींत प्रत्येकी किमान २० टक्के मतदारांनी मत द्यायला हवं. आणि लोकांना स्वतःहून दुरुस्ती सुचवायची असेल तर दहा लाख सह्या जमवाव्या लागतात.

या सह्यांच्या दारातून एक वेगळीच स्वारी आत शिरली. ९ मार्च २०१८ला अध्यक्ष उहुरू केन्याटा आणि रायला ओडिंगा यांनी हस्तांदोलन केलं. केनियात इंग्रजीतला ‘हँडशेक’ हा शब्दच त्या घटनेचं नाव होऊन गेला. त्यातून ‘बिल्डिंग ब्रिजेस’, म्हणजे पूल बांधण्याची मोहीम निघाली: पुन्हा पंतप्रधानपद, आणि मतदारसंघ २९० वरून ३६०. दहा लाखांवर सह्या जमल्या, बहुतेक काउंटींनी होकार दिला, संसदेनं होकार दिला. सार्वमत तेवढं उरलं होतं. १३ मे २०२१ला उच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ते थांबवलं.

निकालपत्रात आपला, भारतातला दाखला होता. केशवानंद भारती खटला, २४ एप्रिल १९७३, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा. संसदेला घटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही, हा निकाल. मुंबईच्या नानी पालखीवालांनी लढवलेला. अल्पमतातल्या सहांत यशवंत चंद्रचूड आणि डी. जी. पालेकर हे दोघे मराठी न्यायमूर्ती होते, हेही जाता जाता. केरळमधल्या एका मठाच्या जमिनीवरून सुरू झालेला खटला नैरोबीत अध्यक्षांच्या आड आला!

पुढे ३१ मार्च २०२२ला केनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं मात्र म्हटलं, की चौकटीचा हा सिद्धांत आमच्याकडे लागू पडत नाही. मला ते पटतं. भारतात घटनादुरुस्तीसाठी लोकांचं मत घेण्याची सोयच नाही; संसद आणि काही बाबतीत राज्यांच्या विधानसभा, बस्स. म्हणून न्यायालयाला आडवं पडावं लागलं. केनियात ते कुलूप घटनेनंच लावून ठेवलंय. पण त्याच निकालात दुसरी गोष्ट कायम राहिली: दहा लाख सह्यांचा मार्ग अध्यक्षांसाठी नाही. अध्यक्षांना बदल हवा असेल तर त्यांनी संसदेतून यावं. लोकांच्या नावानं अर्ज करायचा तो लोकांनी.

विल्यम रुटो, ज्यांनी २०१०ला लाल रंग घेऊन या घटनेला विरोध केला, ते त्याच घटनेखाली आधी उपाध्यक्ष आणि २०२२मध्ये अध्यक्ष झाले. २०२४च्या जूनमध्ये करवाढीच्या विधेयकाविरुद्ध हजारो तरुण रस्त्यावर उतरले, तेव्हा ते पोलिसांना कलम ३७ सांगत होते: शांततेनं जमण्याचा आणि निदर्शनं करण्याचा हक्क. गोळीबार झाला, कित्येक मुलं गेली. रुटोंना विधेयक मागे घ्यावं लागलं.

आणि सह्यांचा मार्ग? २०१९मध्ये एकुरू औकोट या नेत्यानं ‘पुंगुझा मिझिगो’, म्हणजे ‘ओझं कमी करा’ नावाचं विधेयक आणलं होतं. खासदारांची संख्या घटवा, त्यांच्यावरचा खर्च घटवा. पुरेशा सह्या भरल्याही. मग ते गेलं काउंटींच्या सभागृहांकडे, आणि तिथल्या निवडून आलेल्या मंडळींनी बहुतेक ठिकाणी ते परत पाठवलं. २०१०नंतर केनियात आजवर एकही सार्वमत झालेलं नाही.

नमस्कार.