मिड सफोकचा कौल

मित्रहो, 4 मे 2023 रोजी इंग्लंडमधील 230 स्थानिक परिषदांसाठी मतदान झाले. दोनच दिवसांनी राजे चार्ल्स यांचा राज्याभिषेक होता, त्यामुळे बाहेरच्या जगाचे लक्ष अर्थातच लंडनकडे होते. त्या निकालांमध्ये पूर्व इंग्लंडमधील मिड सफोक नावाच्या एका ग्रामीण डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा निकाल होता. एकूण 34 जागांपैकी ग्रीन पक्षाला 24, हुजूर पक्षाला 6 आणि लिबरल डेमोक्रॅटांना 4 जागा मिळाल्या. ब्रिटनच्या इतिहासात एखादी परिषद ग्रीन पक्षाने निर्विवाद बहुमताने जिंकण्याची ही पहिलीच वेळ. याआधी 2011 मध्ये ब्रायटनमध्ये हा पक्ष सत्तेवर आला होता, पण तिथे त्याला बहुमत नव्हते, आणि ब्रायटन हे विद्यापीठाचे, तरुणांचे, मुळातच बंडखोर वृत्तीचे शहर. मिड सफोक म्हणजे गहू, बार्ली आणि शुगर बीटची शेते. अशा मुलखाला एकाएकी पर्यावरणाचा पुळका आला, असा तर्क सहज मनात येतो. तो फारसा टिकत नाही, असे माझे म्हणणे आहे, आणि त्याची कारणे आज मांडायची आहेत.

प्रथम या मुलखाविषयी. इप्सविच शहराच्या वायव्येला पसरलेला हा सुमारे 870 चौरस किलोमीटरचा टापू असून लोकसंख्या लाखाच्या थोडी वर आहे. स्टोमार्केट हे त्यातले मोठे गाव. त्याखेरीज नीडम मार्केट आणि दोनेक हजार वस्तीचे आय. बाकी सगळी खेडी आणि वाड्या. 1972 च्या कायद्यानुसार 1974 मध्ये जुन्या लहान परिषदा एकत्र करून मिड सफोक हा घटक तयार झाला, म्हणजे हे नाव कारकुनी सोयीतून आलेले आहे. एखादा रहिवासी स्वतःला सफोकचा म्हणेल, आपल्या गावाचा म्हणेल; ‘मी मिड सफोकचा’ असे अभिमानाने सांगणारा विरळाच.

कारभाराची रचना आपल्याला समजायला अवघड नाही, कारण तीही त्रिस्तरीय आहे. वर काउंटी कौन्सिल, मध्ये डिस्ट्रिक्ट कौन्सिल आणि खाली गावपातळीवर पॅरिश कौन्सिल. रस्ते, शाळा, ग्रंथालये आणि वृद्धांची व अपंगांची देखभाल काउंटीकडे असते. डिस्ट्रिक्टकडे कचरा, घरबांधणी, क्रीडासंकुले आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे बांधकाम परवाने. कौन्सिल टॅक्सचे, म्हणजे तिथल्या घरपट्टीचे, बिल डिस्ट्रिक्टच्या नावाने येते, पण गोळा झालेल्या रकमेचा सुमारे दहावा हिस्साच तिच्या पदरात पडतो; सिंहाचा वाटा काउंटीला जातो आणि उरलेला पोलीस व पॅरिश यांना. परिणामी उमेदवार दारात उभा राहिला की मतदार त्याला हमखास रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल विचारतो, आणि खड्डे हा विषय त्या उमेदवाराच्या अखत्यारीतच नसतो. ‘तो विषय काउंटीचा’ हे उत्तर खरे असले तरी ते दिल्याने मत मिळत नाही. कसलेला उमेदवार तक्रार लिहून घेतो, काउंटीकडे पाठवतो आणि पंधरवड्याने तिचे काय झाले ते चिठ्ठीने कळवतो.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव 18 मे 1882 चा, आणि मुंबई इलाख्यातील लोकल बोर्डांचा कायदा 1884 चा. त्या बोर्डांवर, मर्यादित का होईना, निवडून आलेले सभासद बसू लागले. त्या वेळी खुद्द इंग्लंडच्या काउंट्यांचा कारभार कोण पाहत होते? सरकारनियुक्त मॅजिस्ट्रेट, म्हणजे बहुतेक स्थानिक जमीनदार. निवडून आलेली काउंटी कौन्सिले 1888 च्या कायद्याने आली, आणि पॅरिश व ग्रामीण डिस्ट्रिक्ट कौन्सिले 1894 च्या कायद्याने. गरिबांच्या मदतीसाठीची निवडून दिलेली मंडळे तिथे आधीपासून होती, हे खरे. तरीही ग्रामीण इंग्लंडमधली निवडणूक ही अनादी काळापासून चालत आलेली परंपरा आहे, हा आपल्याकडचा समज तपासून घ्यावा लागतो.

आता प्रत्यक्ष निवडणुकीकडे वळू. उमेदवारी अर्जावर एक सूचक आणि एक अनुमोदक अशा दोघांच्या सह्या पुरतात. अनामत रक्कम भरावी लागत नाही. 2023 मध्ये उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा 806 पौंड अधिक दर मतदारामागे 7 पेन्स अशी होती. अडीच हजार मतदारांच्या प्रभागात ही रक्कम हजार पौंडांच्याही आत राहते. तेवढ्यात पत्रके छापून होतात. वाटायला स्वतःचे पाय असतात. निवडून आल्यावर पगार मिळत नाही, वर्षाला काही हजार पौंडांचा भत्ता मिळतो. साहजिकच उमेदवारांत निवृत्त माणसांचा भरणा मोठा असतो.

मतदान गुरुवारी, सकाळी 7 ते रात्री 10. केंद्र बहुधा गावच्या सभागृहात, कुठे शाळेत, कुठे चर्चच्या खोलीत. आत टेबलापाशी बसलेला कर्मचारी नाव आणि पत्ता विचारतो, छापील यादीत पट्टी सरकवत नाव शोधतो आणि क्रमांक मोठ्याने वाचतो. दुसरा तो टिपून घेऊन मतपत्रिका देतो. लाकडी आडोशाला दोरीने बांधलेली शिसपेन्सिल असते, तिने चौकटीत फुली मारायची. शाई नाही, यंत्र नाही. या वेळी इंग्लंडमध्ये प्रथमच छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवणे सक्तीचे झाले होते, आणि निवडणूक आयोगाच्या अंदाजानुसार सुमारे 14,000 माणसे ओळखपत्राअभावी केंद्रावरून परत गेली ती पुन्हा आलीच नाहीत. ओळखपत्र म्हणून राष्ट्रकुल देशांचे पासपोर्टही चालतात. इंग्लंडमध्ये कायदेशीर परवान्यावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, ब्रिटिश नागरिकत्व नसतानाही, तिथे मतदानाचा हक्क आहे. तिथे नोकरीसाठी गेलेल्या आपल्या कित्येक मंडळींच्या हे गावीही नसते. यादीत नाव नोंदवावे लागते, एवढीच अट.

मोजणीतली एक गोष्ट मला फार आवडते. मिड सफोकमध्ये काही प्रभाग एकसदस्यीय आहेत, काही द्विसदस्यीय. आपल्या महापालिकांच्या बहुसदस्यीय प्रभागात ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशा प्रत्येक जागेची लढत वेगळी असते. तिथे सगळे उमेदवार एकाच यादीत असतात, मतदाराला दोन फुल्या मिळतात आणि पहिले दोघे निवडून येतात. एक फुली ग्रीनला आणि दुसरी हुजूर पक्षाला देणारा मतदार अजिबात दुर्मीळ नसतो. एकाच पक्षाला दोन्ही मते दिलेल्या पत्रिका गठ्ठ्याने मोजता येतात. फुटीर मतांच्या पत्रिका मात्र एका लांब कागदावर एकीवर एक अशा चिकटवतात, की प्रत्येकीची फक्त मतखुणांची कडा दिसावी, आणि मग प्रत्येक उमेदवारासमोरच्या फुल्या ओळीने मोजतात. कागदांच्या झालरीसारख्या दिसणाऱ्या या पद्धतीला मोजणी कर्मचारी ‘ग्रास स्कर्ट’ म्हणतात. पक्षाचे जाणते कार्यकर्ते हेच कागद डोळ्यांत तेल घालून पाहतात, कारण आपला कोणता माणूस पक्षाच्या नावावर निवडून येतो आणि कोणता स्वतःच्या, हे इथे उघडे पडते. समसमान मते पडली तर तिथेही आपल्यासारखी ईश्वरचिठ्ठीच. 2017 मध्ये नॉर्थम्बरलँड काउंटीत एका जागेचा निकाल काड्या ओढून लागला आणि त्या एका काडीने हुजूर पक्षाचे बहुमत हुकले.

मग मिड सफोकमध्ये घडले काय? 2023 चा निकाल आकाशातून पडलेला नव्हता. 2019 मध्येच हुजूर पक्षाच्या 16, ग्रीनच्या 12, लिबरल डेमोक्रॅटांच्या 5 आणि एक अपक्ष अशी स्थिती होती. 34 पैकी 16 म्हणजे सत्ताधारी पक्ष बहुमताविनाच कारभार रेटत होता. त्या बारा जागाही एका निवडणुकीत आलेल्या नव्हत्या. ग्रीन पक्षाची रीत अशी, की सगळीकडे उमेदवार उभे करून शक्ती वाया घालवायची नाही. एक प्रभाग निवडायचा, तिथे वर्षभर पत्रके वाटायची, निवडणूक नसतानाही दारे ठोठवायची, एखादा बंद पडलेला बसमार्ग किंवा तुंबलेला ओढा लावून धरायचा आणि जिंकल्यावर शेजारच्या प्रभागाकडे सरकायचे. या कामात विचारसरणीचा वाटा अगदी थोडा असतो. हुजूर पक्षाचे कित्येक सदस्य वर्षानुवर्षे सहज निवडून येत होते, आणि सहज निवडून येणाऱ्याला दार ठोठावण्याची सवय राहत नाही.

याला राष्ट्रीय वातावरणाची जोड मिळाली. टाळेबंदीच्या काळात पंतप्रधानांच्या निवासस्थानी झालेल्या मेजवान्या, पंतप्रधान लिझ ट्रस यांचा औटघटकेचा कारभार, गगनाला भिडलेली वीजबिले यांमुळे हुजूर पक्षाने त्या दिवशी इंग्लंडभर हजारांहून अधिक जागा गमावल्या. शहरांत हा राग मजूर पक्षाच्या पथ्यावर पडला. मिड सफोकमध्ये मजूर पक्षाचा एकही सदस्य नव्हता आणि नंतरही निवडून आला नाही. पिढ्यान्‌पिढ्या हुजूर पक्षाला मत देणाऱ्या शेतकऱ्याला मजूर पक्षापुढे फुली मारणे जड जाते. ग्रीन उमेदवार मात्र त्याच्याच गावचा, त्याच्या ओळखीचा असतो. शिवाय ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, या पद्धतीत आघाडीवरच्या पक्षाला मतांच्या प्रमाणाहून जास्त जागा मिळतात. 34 पैकी 24 या आकड्यातील काही भाग पद्धतीचा आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

स्थानिक नाराजीही होतीच. काटकसरीसाठी मिड सफोकने शेजारच्या बेबर्गबरोबर एकच अधिकारीवर्ग ठेवला आणि 2017 मध्ये नीडम मार्केटचे मुख्यालय सोडून दोन्ही परिषदा इप्सविचमधल्या काउंटीच्या इमारतीत गेल्या. हिशेबाने निर्णय योग्य असेलही, पण इप्सविच मिड सफोकच्या हद्दीतच नाही. आपले सरकार दुसऱ्याच्या गावात भाड्याने राहते, ही भावना हिशेबाच्या वहीत मांडता येत नाही. त्यात नव्या घरांच्या वसाहतींची भर पडली. परवाना डिस्ट्रिक्ट देते, पण किती घरे हवीत याचा आकडा लंडनहून येतो, आणि शाळा व रस्ते पुरवण्याची जबाबदारी काउंटीची. तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचे आणि गावकऱ्याने मतपेटीत कोणाला तरी धडा शिकवायचा, असा हा प्रकार.

अँडी मेलन यांच्या नेतृत्वाखाली ग्रीन पक्ष सत्तेवर आला, आणि विरोधात असताना न सुटणारी कोडी त्याच्याही पुढ्यात आली. सर्वांत अवघड कोडे विजेच्या मनोऱ्यांचे. उत्तर समुद्रातील पवनचक्क्यांची वीज दक्षिणेकडे नेण्यासाठी नॉर्विच ते टिलबरी अशी सुमारे 180 किलोमीटरची उच्चदाब वाहिनी नियोजित आहे आणि ती मिड सफोकमधून जाते. पवनऊर्जा हवी असे म्हणणारा पक्ष पन्नास मीटर उंचीचे मनोरे शेतांतून जाऊ देणार का? अंतिम निर्णय केंद्र सरकारचा. डिस्ट्रिक्टला केवळ मत मांडता येते. जुलै 2024 मध्ये वेव्हनी व्हॅली या नव्या मतदारसंघातून, ज्यात आय आणि मिड सफोकचा उत्तर भाग येतो, ग्रीन पक्षाचे एड्रियन रॅम्से संसदेवर निवडून आले आणि त्यांनी पर्यायांचा विचार होईपर्यंत हा प्रकल्प थांबवावा अशी मागणी केली. देशभर टीका झाली: हवामानबदलावर बोलणारेच स्वच्छ विजेच्या आड येतात! टीकेत तथ्य आहे. पण ज्या मतदारांनी या पक्षाला निवडले त्यांनी ‘आमचा परिसर सांभाळा’ म्हणून निवडले होते, ‘पृथ्वी सांभाळा’ म्हणून नव्हे. दोन्ही मागण्या एकाच पत्रकावर शेजारी छापता येतात. बैठकीत मात्र एक निवडावी लागते.

याच सुमारास या संपूर्ण व्यवस्थेच्याच मुळावर घाव आला. डिसेंबर 2024 मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने श्वेतपत्रिका काढून काउंटी आणि डिस्ट्रिक्ट असे दोन थर रद्द करण्याचे धोरण जाहीर केले, आणि मे 2025 मध्ये व्हायची सफोक काउंटीची निवडणूक पुढे ढकलण्यात आली. मुदत संपून वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिलेल्या महापालिका आणि जिल्हा परिषदा पाहिलेल्या आपल्या लोकांना यात काही नवल वाटणार नाही. तिकडे मात्र बरेच वादळ उठले. काउंटीचा प्रस्ताव सबंध सफोकसाठी एकच परिषद करण्याचा होता, डिस्ट्रिक्ट कौन्सिलांचा तीन परिषदांचा. त्या वेळी काउंटीचे 75 आणि पाच दुय्यम परिषदांचे 233 असे 308 सदस्य होते. दोन्ही प्रस्तावांत ही संख्या बरीच घटते, म्हणजे दर सदस्यामागे मतदार वाढतात. दोन-अडीच हजार मतदारांचा प्रभाग एक माणूस शनिवार-रविवारी पायी पालथा घालू शकतो, आणि ग्रीन पक्षाचे सगळे यश याच मापावर बेतलेले आहे. प्रभाग मोठा झाला की पैसा, छपाई आणि संघटना यांचे वजन वाढते, आणि ते ज्यांच्याकडे आहे त्या पक्षांचे फावते. पॅरिश कौन्सिलांना मात्र या फेररचनेत हात लागणार नाही. मिड सफोकमध्ये त्या भरपूर आहेत, आणि तिथे निवडणूक लागते तेव्हा पुष्कळदा जागांइतकेही अर्ज येत नाहीत. मग आलेले बिनविरोध निवडून येतात आणि उरलेल्या जागांवर स्वीकृत सदस्य घेतले जातात.