ओढ्यातला मासा आपल्या घरी

श्रोतेहो, नमस्कार.

घरी मासे पाळायचे म्हटलं की आपल्याकडे हटकून गोल्डफिश येतो. गोल काचेचं भांडं, तळाला रंगीत खडे आणि त्यात एकटाच गरगरणारा तो मासा. मूळचा चीनचा, थंड पाण्यातला. आपल्याकडचा मे महिना त्याला कसा सोसावा? आपल्या ओढ्यांमधले, गोदावरी-दुधना-मांजरेतले मासे मात्र आटत चाललेल्या डोहात, कोमट पाण्यात उन्हाळा काढतात. बोअरचं जड पाणीही त्यांना मानवतं. मराठवाड्यातल्या घरात मासा मराठवाड्यातलाच असावा, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवातीला दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी पुरे. तिच्यात 50 लिटरच्या आसपास पाणी बसतं, म्हणजे वजन अर्ध्या क्विंटलच्या वर जातं. तेव्हा डुगडुगणारं टेबल नको. थेट ऊनही नको, शेवाळ माजतं. तळाला नदीची जाडसर वाळू घाला, पण गढूळपणा जाईपर्यंत धुऊन. नळाचं पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवा, म्हणजे ब्लीचिंगचा वास उडून जातो. बोअरच्या पाण्यात हवा कमी असते, ते तांब्याने वरून ओतून खेळवा.

आता नीट ऐका. टाकी भरली की लगेच मासे सोडायचे नाहीत. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात आणि तो त्यांनाच विषारी असतो. वाळूत आणि पाणी गाळणाऱ्या फिल्टरच्या स्पंजात जिवाणूंची वस्ती झाली की ते त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट वनस्पती खत म्हणून घेतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर नुसत्या वनस्पती लावा आणि अधूनमधून चिमूटभर खाद्य टाका, ते कुजलं की जिवाणूंना अमोनिया मिळतो. कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्यातल्या स्पंजाचा तुकडा मागून आणा, विरजणासारखा कामाला येतो. पुन्हा सांगते, आधी पाणी मुरू द्या, मग मासे.

वनस्पतींमध्ये हायड्रिला आणि फितीसारख्या लांब पानांची वालिस्नेरिया, दोन्ही आपल्या तळ्यांत असतात. जलपर्णी मात्र उंबऱ्याच्या आत घेऊ नका. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती पाण्याला उजेडच मिळू देत नाही.

बरं, मासे कोणते? अंगावर काळे ठिपके असलेली खवली, कुशीवर काळी रेघ असलेला दांडवण, आणि ज्याच्या अंगातले काटे आरपार दिसतात तो काचेसारखा चंदा. हे थव्याने राहतात, सहा-आठ एकत्र ठेवा. पण माझा जीव जडलाय तो डोकवर. डोक म्हणजे मरळीचा वीतभर भाऊबंद. त्याची गोष्ट सांगते.

सेलूला माझ्या मामांनी ओसरीत टाकी ठेवली होती. वैशाखात ओढ्याचं शेवटचं डबकं आटत आलं, तेव्हा ओळखीच्या भोईकाकांनी त्यातली डोकची जोडी घागरीतून आणून दिली. जाताना बजावलं, "मालक, झाकण घट ठिवा. हे घर सोडून जातंय बघा." मामांनी टाकीवर पाट ठेवला आणि पाटावर वरवंटा.

श्रावणात घरी सत्यनारायण होता. पाट कमी पडला म्हणून मामींनी टाकीवरचा उचलला आणि वर वर्तमानपत्र अंथरलं. सकाळी बघतात तर टाकीत एकच मासा! सगळ्यांचा संशय मांजरीवर. पोरांनी ओसरी धुंडाळली, कोनाडे बघितले. शेवटी मामी माठ भरायला गेल्या. माठ पाझरायचा, म्हणून त्याखाली गोणपाट असे. ते ओलं गोणपाट त्यांनी उचललं, तर खाली डोक! अंगाला तागाचे धागे चिकटलेले, तोंड हळूच उघडतोय, मिटतोय. ओसरी ओलांडून, माजघराचा उंबरा चढून तो घरातल्या ओलाव्याच्या एकमेव जागेपाशी पोचला होता.

तो जगला, कारण या माशाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची पोकळी असते. अंग ओलं राहिलं तर तो बराच वेळ पाण्याबाहेर तग धरतो.

मामांनी ओल्या हाताने त्याला परत सोडलं. काही दिवसांनी तोच मासा खाईना. गालफड फुगलेलं, कोपऱ्यात गप्प. मामांना वाटलं, त्या रात्रीचं दुखणं निघालं. भोईकाकांना बोलावणं गेलं. ते टाकीपुढे उकिडवे बसले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आजारी न्हाई मालक. तोंडात लेकरं हायती त्याच्या." डोकमध्ये अंडी नर सांभाळतो, तोंडात धरून, उपाशी राहून. मामींनी त्या दिवशी मांजरीला वाटीभर दूध घातलं आणि गल्लीतल्या बायका टाकीपुढे बाळंतिणीला भेटायला आल्यासारख्या येऊन गेल्या. पुढे एका सकाळी बापाच्या तोंडाभोवती बारीक पिल्लांचा पुंजका तरंगत होता.

तेव्हा झाकण हवंच, आणि डोकसोबत छोटे मासे नकोत, तो खाऊन टाकतो.

आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. काढलेलं पाणी तुळशीला, कढीपत्त्याला घाला, पाणीटंचाईतही ते वाया जात नाही. उन्हाळ्यात टाकीभोवती ओलं फडकं गुंडाळा, कारण पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. मासे पावसाळा सरल्यावर आणा. मृगात प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या माशांच्या पोटात अंडी असतात, ते धरू नका. तलाव मच्छीमार संस्थेकडे असेल तर आधी विचारा. आणि बाजारातला परदेशी मासा नकोसा झाला तर दुकानात परत द्या, ओढ्यात किंवा विहिरीत सोडू नका. उजनी धरणात कुणीतरी सोडलेल्या, काटेरी कवचाच्या परदेशी हेलिकॉप्टर माशाने तिथल्या मच्छीमारांची जाळी फाटताहेत.

नमस्कार.