बिनपडद्याच्या बेसची जवारी

टेबलावर दोन वस्तू आहेत. पुढच्या रांगेतल्यांनी हातात घेऊन बघा आणि मागे पाठवा. एक आहे तंबोऱ्याची जुनी, हाडाची घोडी. दुसरी आहे बेस गिटारची मान, फ्रेट म्हणजे पडदे काढलेली, वर शिसवीची पट्टी. दोन्हींवर नख फिरवा. तारा जिथे टेकतात तिथे बारीक खाचा लागतील. घोडीवरच्या खाचा पडायला कित्येक वर्षं लागली. मानेवरच्या आठ महिन्यांत पडल्या, कारण ज्या मुलाची ती मान, त्याने बेसवर राउंडवाउंड तारा चढवल्या होत्या. या तारेच्या गाभ्यावर गोल तारेचे वेढे असतात, म्हणजे ती एक लांबलचक कानसच झाली. बोट दाबून घसीट घेतली की ती कानस लाकडावरून फिरते.

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपमध्ये काम करत होतो. लाकडी पॅटर्न वाळूत रोज दाबला-उचलला जातो आणि वाळू त्याला खाते. म्हणून त्यावर कडक लेप द्यायचा, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं जाई. पुढे पोरं बेस घेऊन यायला लागली, ‘काका, बोर्ड खराब झालाय’ म्हणत, तेव्हा मला तो पॅटर्नच वाटला. पट्टीवर कडक लेप देऊन झीज थांबवायची, एवढंच मी समजत होतो. ते अपुरं होतं. या लेपाने आवाजही घडतो, हे कळायला मला बराच काळ लागला.

इथे तंबोऱ्याकडे यावं लागतं. आपल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व तंबोऱ्यांबाबत किती काटेकोर होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा धारदार नसतो. तो रुंद असतो आणि त्याला अगदी हलका उतार असतो. तार कंप पावताना त्या उताराला पुन्हापुन्हा स्पर्श करते, आणि त्यातून स्वरांचं मोहोळ उठतं. हीच जवारी. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 साली आपल्या तंतुवाद्यांवर निबंध लिहिला, त्यात या घोडीचं वेगळेपण नोंदवलं आहे. एरवी तार जिथे छेडाल त्या जागी ज्या उपस्वरांचे स्थिरबिंदू असतात ते उपस्वर उमटू नयेत, पण तंबोऱ्यात तेही ऐकू येतात. हे सगळं ती घोडी करते.

आता बिनपडद्याचा बेस बघा. बोट तार दाबतं, तिथून तार फार लहान कोनात वर निघते. पुढचा काही भाग पट्टीला हलकेच घासत राहतो. बेस वाजवणारे त्या आवाजाला ‘म्वा’ म्हणतात. ती जवारीच आहे! फरक इतकाच की तंबोऱ्याची घोडी एका जागी असते, इथे बोट जाईल तिथे घोडी तयार होते. म्हणजे अख्खी पट्टी जवारीदार हवी. एका ठिकाणी कागदाएवढा खड्डा असला तरी तो स्वर दबतो, शेजारचा खरखरतो.

अमेरिकेतल्या जाको पास्टोरियस या बेसवादकाने आपल्या फेंडर जॅझ बेसचे फ्रेट काढले, खाचा बुजवल्या आणि पट्टीवर बोटींना लावतात तो इपॉक्सी, म्हणजे सुकून कडक होणारा राळेचा लेप, चढवला. 1976 च्या त्याच्या पहिल्या तबकडीत तो गाणारा बेस ऐकू येतो. तारा राउंडवाउंडच, कारण त्याला ती धार हवी होती. सरोदची पट्टीही याच जातीची आहे. तिथे लाकडाऐवजी गुळगुळीत पोलादी पत्रा बसवला, म्हणून मींड इतकी लांब टिकते.

आता काम. इपॉक्सीत रेझिन म्हणजे राळ आणि तिला घट्ट करणारा हार्डनर असे दोन भाग. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, आणि वजनाचं प्रमाण आणि मापाचं प्रमाण वेगळं असू शकतं. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घ्या. मिलिमीटरभर जाडीसाठी तीस-पस्तीस ग्रॅम पुरतं. मी पहिली मान श्रावणात केली आणि प्रमाण डोळ्याने धरलं. खानापूर-जांबोटीकडून येणारी आपली पावसाळी हवा तुम्हाला ठाऊक आहे. वर मेणासारखा पांढुरका थर आला. तो पाण्याने धुतला तर जातो, पण खाली दोन जागा चिकटच राहिल्या. हार्डनर कमी पडला होता. चिकट इपॉक्सी कितीही थांबलं तरी सुकत नाही. सगळं खरवडून काढावं लागलं, आणि ती मान दुसऱ्याची होती. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून हे काम मी दिवाळीनंतरच घेतो.

तारा आणि नट, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात ती छोटी पट्टी, काढा. मानेच्या आतली सळई, ट्रस रॉड, फिरवून मान सरळ करा आणि पट्टी आधी सपाट करा, कारण लेपाखालचा उंचवटा लेपानंतर झाकला जातो, मिटत नाही. शिसवीत तेल असतं, म्हणून अ‍ॅसिटोनने पुसा. कडेला मास्किंग टेप लावून बांध घाला. लाकडाच्या छिद्रांत हवा असते. हवामान तापत असेल तर ती फुगून बुडबुडे होऊन वर येते. म्हणून पहिला पातळ हात दुपार उतरल्यावर द्या. लाकूड थंड होत जातं तसं ते रेझिन आत ओढतं. थंडीत संध्याकाळ फार गार पडते, तेव्हा खोली उबदार ठेवा. मिश्रण उंच कपात ठेवू नका, स्वतःच्याच उष्णतेने ते झपाट्याने आवळतं. पसरट ताटलीत ओता.

पट्टीला गोलाई असते, त्यामुळे रेझिन कडेला ओघळतं. एकदम जाड थर देण्यापेक्षा तीन-चार पातळ थर द्या. आधीचा थर बोटाला किंचित चिकटत असतानाच पुढचा द्या. तो पूर्ण सुकला असेल तर आधी घासून मगच. नंतर आठवडाभर हात लावू नका. या दिवसांत फार जणांचा धीर सुटतो.

घासताना गोलाईचा ठोकळाच वापरा. जुन्या फेंडरची गोलाई सव्वासात इंच त्रिज्येची, हल्लीच्या पुष्कळ बेसची साडेनऊ. नुसत्या बोटाने घासाल तर लाटा पडतील. 220 नंबरच्या पेपरने सुरुवात, मग 400, 600, 1000, 2000 वॉटर पेपर, शेवटी गाडीचं रबिंग कंपाउंड. मध्ये-मध्ये सरळ पट्टी लांबीने टेकवून मागून बॅटरी मारा. उजेडाची रेघ जिथे जाड दिसेल तिथे खड्डा आहे. हातमोजे आणि धुळीचा मास्क घाला. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की जन्मभर राहते, पॅटर्न शॉपमधल्या माझ्या सोबत्याला पुन्हा ते काम करता आलं नाही.

सुपरग्लूचाही लेप देतात. तो लवकर होतो, डोळे झोंबतात आणि तो ठिसूळ असतो. पॉलियुरेथेन चालतं, पण राउंडवाउंड तारांपुढे ते लवकर झिजतं.

मघाशी एका ताईंनी विचारलं, लेपाने लाकडाचा आवाज मरतो का? थोडा जातो. उघड्या शिसवीचा मऊ, किंचित धुरकट स्वर लेपाखाली उजळ होतो, आणि तो उजळपणा परत लपवता येत नाही. म्हणून ज्यांना मऊ स्वरच हवा आहे त्यांनी लेपच देऊ नये. गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा लावा, शिसवी पुष्कळ वर्षं टिकते. तुमच्या बेसवर कोणत्या तारा आहेत, ताई? फ्लॅटवाउंड? मग आज तो तसाच घरी घेऊन जा.