लाल बिन

[दृश्य: पहाट. भोसरी एमआयडीसी. चहाच्या टपरीवर वाफ.]

सकाळचे पावणेसात. नाईटवाले डोळे चोळत गेटबाहेर पडतायत, फर्स्टवाले डबा सांभाळत आत शिरतायत. दोघांची गाठ पडते ती या टपरीवर. मशीनची खरी हकिगत रजिस्टरमध्ये उतरायच्या आधी बहुतेक वेळा इथेच सांगून होते. ‘चार नंबर जरा सांभाळून घे.’ एवढंच. का सांभाळायचं, ते सुट्ट्या पैशांच्या गडबडीत राहून जातं.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि बघता बघता या भागात कारखाने उभे राहिले. मोठ्या कंपन्यांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांच्या गाडीतला एखादा फ्लँज, म्हणजे जोडाची चकती, कुठल्या पत्र्याच्या शेडमध्ये तयार होतो, हे कुणी विचारत नाही. आम्ही चौघांनी कॅमेरा घेऊन अशाच एका शेडमध्ये एक अख्खी शिफ्ट काढली. सहा सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन, एक ड्रिलिंग, चौदा माणसं. शेडचं नाव सांगणार नाही. मालकांची तेवढी एकच अट होती.

[दृश्य: शेडच्या आत. भिंतीवर जुनं पोस्टर, खाली लाल रंगाचा बिन.]

भिंतीवर ‘टीमवर्क’ असं लिहिलेलं पोस्टर आहे. होडी वल्हवणारे आठ जण. मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचे शिंतोडे उडून त्यातले तीन दिसेनासे झालेत. ते कुणी लावलं, आज कुणालाच आठवत नाही. त्याच्याखालचा लाल बिन मात्र कुणी ठेवला आणि का, हे कालपरवा लागलेला हेल्परसुद्धा सांगतो.

ठेवला मामांनी, खराब पीस लपवण्याऐवजी उघडपणे त्यात टाकावा म्हणून. मामा म्हणजे इथले सुपरवायझर. उमेदवारीच्या काळात, दुसऱ्या एका कंपनीत, त्यांनी खराब झालेला पीस फोरमनला नेऊन दाखवला. फोरमनने तो सगळ्यांसमोर भिरकावला. ‘त्या दिवसापासून मी काय केलं असेल?’ मामा विचारतात आणि स्वतःच सांगतात, ‘टर्निंगमधून निघणारा धातूचा कीस भरतो ना, त्या ट्रॉलीत खराब पीस खाली दाबायला लागलो. सगळेच दाबायचे. रिजेक्शन कमी झालं म्हणून फोरमनला शाबासकी मिळाली.’

[दृश्य: सात वाजून पाच मिनिटं. मशीनजवळ उभ्याने मीटिंग.]

मीटिंग सात-आठ मिनिटांची. मामा टार्गेटने सुरुवात करत नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला, ‘काल काय बिघडलं?’ कुणी तोंड उघडलं नाही तर ते आपलंच सांगतात. आज म्हणाले, ‘काल पाच नंबरला ड्रॉइंगची जुनी रिव्हिजन मीच लावून दिली होती. दुपारी लक्षात आलं. बघत जा रे पोरांनो, मी पण चुकतो.’ मग हळूच एकेक जण बोलायला लागतो. कुणाचा इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, लवकर झिजतोय, कुणाची व्हर्निअर पडली.

हे ऐकताना मला हिंजवडीतली, आयटीतली माझी सात वर्षं आठवली. आमचे लीड मीटिंगच्या शेवटी विचारायचे, ‘एनी डाउट्स?’ तोवर लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलेलं असायचं. एका शुक्रवारी रिलीजच्या आधी मला दिसलं होतं की तारखांचा फॉरमॅट उलटा पडतोय. मी झाकणाकडे बघितलं आणि गप्प बसले. शनिवारी सकाळी क्लायंटने सांगितलं. पुढे दोन दिवस बारा जणांची टीम जागी होती, आणि त्यांच्यात मीही होते. साळसूदपणे.

[दृश्य: सात चाळीस. चार नंबर मशीन. बोअर गेज, म्हणजे भोकाचं माप घेणारं उपकरण, क्लोजअपमध्ये.]

‘मामा, जरा येता का?’

चार नंबरचा ऑपरेटर. हातात फ्लँज. ‘बोअर मोठा जातोय. नाईटचा माल पण मला बरोबर वाटत नाही.’

नाईटचा माल म्हणजे शेजारच्या क्रेटमधले साठ पीस. नऊ वाजता टेम्पो येणार. मामांनी चहाचा कप मशीनवर ठेवला. ‘बरं झालं आत्ता सांगितलंस. कुठल्या पीसपासून वाटतंय?’

आम्ही हा तुकडा नंतर तीनदा बघितला. ‘कोणी केलं?’ हा प्रश्न त्यात येतच नाही. नाईटला कोण होतं ते सगळ्यांना माहीत होतं, तरीही. मामांनी पक्क्या मापाची मास्टर रिंग मागवली आणि आधी गेजच तपासलं. डायलचा काटा शून्यावर येईना. म्हणजे मशीन नव्हे, गेजच हललेलं. रात्री कुणाच्या तरी हातून ते आपटलं असणार, आणि त्यावरच्या चुकीच्या मापावर विसंबून मशीनला ऑफसेट, म्हणजे मापातली दुरुस्ती, दिला गेला. साठच्या साठ पीस पुन्हा मोजले. अकरा लाल बिनमध्ये गेले. टेम्पोला फोन झाला, ‘दहाला या.’ मालकांनाही फोन झाला. पलीकडून आवाज चढल्याचं आम्हाला ऐकू आलं, पण मामांनी तो फोन शेडच्या बाहेर जाऊन घेतला होता. वरून आलेली ओरड खाली जशीच्या तशी पोचवायची नाही, हे काम कुठल्याही जॉब डिस्क्रिप्शनमध्ये नसतं. माझ्या मते तेच खरं काम.

[दृश्य: लाल बिनमधले पीस. पार्श्वभूमीला मशीनचा आवाज.]

एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकन संशोधिकेने नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या टीम तपासल्या. औषधं देताना होणाऱ्या चुका मोजायच्या होत्या. अंदाज सरळ होता, चांगल्या टीमच्या चुका कमी. आकडे आले ते उलटे. ज्यांच्यात आपसात चांगलं जुळत होतं, त्यांच्या नोंदीत चुका जास्त. उलगडा असा की त्या टीम चुका जास्त करत नव्हत्या, सांगत जास्त होत्या. पुढे १९९९ साली तिने एका उत्पादक कंपनीतल्या ५१ टीमचा अभ्यास मांडला. बोललं तर आपला पाणउतारा होणार नाही, ही खात्री जिथे होती तिथे माणसं शिकत होती आणि कामही चांगलं होत होतं. तेव्हा रिजेक्शनचा रकाना कोरा दिसला की मॅनेजरने खूश व्हायच्या आधी त्या किसाच्या ट्रॉलीत हात घालून बघावा.

इचलकरंजीच्या माणसाला पुढची गोष्ट चटकन कळेल. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी धागा तुटला की आपोआप थांबणारा माग बनवला. त्याच घराण्याच्या मोटार कारखान्यात कामगाराच्या डोक्यावर दोरी आली. काही खटकलं की ओढायची, दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो. लाइन लगेच थांबत नाही. ठरावीक खुणेपर्यंत पुढे जाते, तोवर अडचण सुटली नाही तरच थांबते. आपल्याकडेही अशा दोऱ्या आणि बटणं बऱ्याच ठिकाणी बसली. बटण बसवायला दोन दिवस पुरतात. ते दाबणाऱ्याला ‘पुन्हा तूच का?’ म्हणायचं नाही, हे अंगी यायला वर्षं जातात.

[दृश्य: जेवणाची सुट्टी. डबे उघडलेले.]

चौदा जण, पण डब्याला बसतात दोन घोळक्यांत. कामाचेही तसेच दोन गट आहेत, प्रत्येकी सात. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. १९१३ साली ते छापून आलं. आठ जण एकत्र ओढायला लागले की माणशी जोर जवळपास निम्म्यावर येतो. थोडं ओढण्याची वेळ जुळत नाही म्हणून, थोडं ‘बाकीचे आहेतच’ म्हणून. आपण त्याला बारभाईंचा कारभार म्हणतो. अर्थात शनिवारवाड्यातल्या मूळ बारभाईंवर हा अन्याय आहे. १७७४ साली त्यांनी राघोबादादांना बाजूला सारून तान्ह्या सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळवून दिली. बारा जण होते, पण काय करायचंय हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं.

मामांची खरी डोकेदुखी गटाच्या आकाराची नाही, ब्रेकची आहे. चौदातले सहा जण कंत्राटावर. काही महिने झाले की ब्रेक, नवा चेहरा. ‘आत्ता कुठे पोरगं बोलायला लागतं,’ मामा भाकरी मोडताना म्हणतात, ‘की त्याचं कार्ड बंद.’ अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने १९७८ ते १९९० मधल्या मोठ्या विमान अपघातांचा आढावा घेतला होता. ज्या अपघातांत ही माहिती मिळाली, त्यातल्या ७३ टक्के वेळा ते वैमानिक त्याच दिवशी पहिल्यांदा एकत्र उडत होते. कुशल माणसं, पण एकमेकांची सवय नाही. हा हिशोब कंत्राटदाराच्या बिलात दिसत नाही. आम्ही मालकांना विचारलं. ते म्हणाले, ‘बरोबर आहे, पण रेट परवडत नाही.’ विषय तिथेच संपला.

[दृश्य: अप्रेंटिस मुलगा, दोन नंबर मशीनजवळ.]

हा मुलगा आयटीआय करून महिन्यापूर्वी लागलाय. सकाळच्या मीटिंगमध्ये एक शब्द बोलला नाही. साडेअकराच्या सुमाराला आमच्या कॅमेऱ्यात एक गोष्ट आली. त्याने पीस हातात फिरवला, इकडेतिकडे पाहिलं आणि बेंचखाली सरकवला. थोड्या वेळाने आणखी एक. मामा तेव्हा तीन नंबरला पाठमोरे होते. जेवणानंतर त्यांनी मुलाला बोलावून लाल बिनमधले अकरा पीस एकेक करून मोजायला बसवलं. ‘वाचून दाखव. मोठ्याने.’ त्यांनी पाहिलं होतं की नव्हतं, कळायला मार्ग नाही.

[दृश्य: दुपारचे साडेतीन. शिफ्ट बदल. रजिस्टरचं पान.]

इथे आता हँडओव्हर टपरीवर होत नाही. जाणारा आणि येणारा दोघं मशीनसमोर उभे राहतात, चालू पीस मिळून मोजतात आणि मग सही. दोन नंबरच्या रकान्यात वेड्यावाकड्या अक्षरात नोंद आहे. ‘खोलीचं माप चुकलं. माझ्याकडून १ पीस गेला. लाल बिनमध्ये ठेवलाय.’

कॅमेऱ्यात दोन आहेत. मामांना सांगावं का, यावरून शेडबाहेर आमच्या चौघांत वाद झाला. कॅमेरामनचं म्हणणं, सांगायलाच पाहिजे. आम्ही सांगितलं नाही.

मामांनी नोंद वाचली, खाली सही केली, डबा उचलला आणि बस गाठायला निघाले.