जांभळी नाका: तलाव आणि स्टेशन यांच्या मधोमध

श्रोतेहो, नमस्कार. ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या एका अंगाला मासुंदा तलाव आणि कोपिनेश्वराचे मंदिर आहे, तर दुसऱ्या अंगाला स्टेशनकडे जाणारा रस्ता. सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी हे मंदिर १७६० मध्ये बांधून काढले आणि बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यात पोहोचली. देऊळ आधी, रूळ नंतर. पुन्हा सांगतो, देऊळ आधी, रूळ नंतर. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला गेले, १९८९ मध्ये ठाणे परिवहनच्या बस आल्या आणि २००४ मध्ये वाशीची लोकल सुरू झाली. तरीही स्टेशनापासून नाक्यापर्यंतच्या दहा मिनिटांच्या वाटेसाठी रिक्षाच्या रांगेत वीस मिनिटे उभे राहणारी माणसे पाहिली की मला नवल वाटते.

मी शाळेत असताना दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी आत्याबरोबर झेंडू घ्यायला नाक्यावर गेलो होतो. पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेतलेल्या एका पाहुण्याने फुलवालीला स्टेशनचा रस्ता विचारला. सुई न थांबवता ती म्हणाली, "सकाळी आला असतास, तर लोकांच्या मागून जा म्हटलं असतं. आता संध्याकाळ आहे, समोरून लोंढा येतोय ना, त्याच्या उलटा चालत राहा." सकाळी लोंढ्यामागून, संध्याकाळी लोंढ्याच्या उलट: आत्याला हे इतके पटले की तिने घासाघीस न करता पाव किलो फुले जास्त घेतली.

पाच मिनिटांत पाहुणा घामाघूम होऊन परत आला. "बाई, इथं तर चहूकडून लोंढे येतायत!" खरेच होते, तलावपाळीकडून, टेंभी नाक्याकडून, मंडईतून, सगळे ठाणे आपट्याची पाने आणि झेंडू घ्यायला लोटले होते. फुलवालीने प्रथमच सुई खाली ठेवली आणि डोक्यावर रिकाम्या पाट्या घेतलेल्या, भाजी विकून निघालेल्या दोन बायकांकडे बोट दाखवले. "त्या कसाऱ्याच्या गाडीला चालल्यात. त्यांचा पदर सोडू नकोस."

ट्रंक त्यांच्या मागोमाग गर्दीत हेलकावत गेली. "आणि गाडी चुकली तर इकडं येऊ नकोस रे," फुलवाली मागून ओरडली, "उद्या सकाळचा रस्ता वेगळा असतो!"