हरताळाची काच

पत्रिकेत विषय छापलाय, ‘कॅल्कोजेनाइड वेव्हगाइडमधला मध्य-अवरक्त प्रकाश’. तो वाचूनही तुम्ही आलात. म्हणजे मंडळी जिज्ञासू आहेत, किंवा या सभागृहातले पंखे चांगले आहेत.

मी सुरुवात हरताळापासून करतो. बाजार बंद ठेवतात तो नव्हे; लासलगावचे लिलाव थांबले की तो कसा दिसतो, हे नाशिककरांना मी काय सांगू! मी म्हणतोय तो फासायचा हरताळ. माझे पणजोबा पंचवटीत पोथ्या लिहून द्यायचे. अक्षर चुकलं की पिवळाजर्द हरताळ खलून त्यावर फासायचा, वाळला की वर नवं अक्षर. एका पानावर तर आख्खी ओळ फासलीय. आजी म्हणायची, “चूक झाकायला गेले आणि लांबूनही दिसेल अशी करून ठेवली.”

चौथीत वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग आला, ‘हरताळ फासणे’. मी लिहिलं, ‘पणजोबांनी पोथीला हरताळ फासला.’ शून्य! गुरुजी म्हणाले, तत्त्वांना फासतात, पोथीला नाही. मी दुसऱ्या दिवशी ते पान घेऊन शाळेत गेलो. गुरुजींनी ते उलटसुलट पाहिलं, “छान जपलंय” म्हणाले, आणि शून्य तसंच ठेवलं. पन्नास वर्षं झाली, अजून सलतं. आज वर्तमानपत्रं रोज कशाला ना कशाला हरताळ फासतात, पण तो खलात खलायचा पदार्थ आहे हे किती जणांना ठाऊक आहे? हात वर करा. चार. बरं, पाच.

तर हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक, दोनास तीन. हेच दोघे या प्रमाणात एकत्र वितळवून निववले की लालसर-पिवळी काच होते. ती कॅल्कोजेनाइड काच. गंधकाऐवजी सेलेनियम, टेल्युरियमही चालतं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? अहो, मुद्दा आत्ता सुरू होतोय!

भरभर सांगतो. साध्या काचेचा तंतू अडीच मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास प्रकाश गिळायला लागतो. रेणूंच्या खऱ्या खुणा, म्हणजे ते ज्या तरंगलांब्या गिळतात त्या, मात्र त्यापुढे, डोळ्यांना न दिसणाऱ्या मध्य-अवरक्तात: मिथेन 3.3 वर, कार्बन डायऑक्साइड 4.26 वर, आंबा पिकताना सुटणारं इथिलीन 10.5 वर. हरताळाच्या काचेतले अणू जड, बंध सैल; कंपनं संथ, म्हणून ती बरीच पुढपर्यंत पारदर्शक राहते. शिवाय प्रखर प्रकाशाने तिचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाशाला किती मंदावते ते माप, साध्या काचेपेक्षा शेकडो पटींनी जास्त बदलतो. त्यामुळे लेसरचा एकरंगी स्पंद, म्हणजे क्षणभराचा झोत, आत शिरून अनेकरंगी होऊन बाहेर पडतो. हा चमत्कार अल्फानो आणि शपिरो यांनी 1970 मध्ये साध्या काचेत दाखवला होता.

मग वेव्हगाइड, म्हणजे प्रकाश कोंडून नेणारी वाट, कशाला? गोदावरी सोमेश्वरला खडकांत आवळली की कशी उसळते, तसा प्रकाश काही मायक्रोमीटरच्या गाभ्यात कोंडला की प्रखर राहतो. दुसरं, काचेत प्रत्येक रंगाचा वेग वेगळा, त्यामुळे स्पंद पसरून लेचापेचा होतो. नुसत्या हरताळाच्या काचेत ही ओढाताण 5 मायक्रोमीटरजवळ शून्यावर येते. गाभा अरुंद करून ती जागा आपल्या लेसरपाशी सरकवता येते. डेन्मार्कमध्ये 2014 साली सेलेनियमवाल्या साडेआठ सेंटिमीटर तंतूतून 1.4 ते 13.3 मायक्रोमीटरचा पट्टा मिळाला. इथिलीन त्यात आलं! एरवी अशा कामाला वापरतात त्या तापलेल्या कांडीचा प्रकाश चहूकडे विखुरतो. हा मात्र लेसरसारखा बारीक झोतात येतो.

संयोजक उभे राहिलेत. पोथीचं पान टेबलावर ठेवतो, पाहून घ्या. फक्त सवयीनं बोट जिभेला लावून उलटू नका, त्यात आर्सेनिक आहे, म्हणजे विष.