वरची पट्टी धरणारा अब्दुल फकीर

श्रोतेहो, नमस्कार.

पोवाडा रंगात आला की आपले कान शाहिराकडे लागलेले असतात. पण मागे उभे असलेले झीलकरी क्षणभर थांबले, तर शाहिराचा आवाज उघडा पडतो. डफ वाजत असतो, शब्द चालू असतात, तरी काहीतरी सुटल्यासारखं वाटतं. आज ज्याच्याविषयी बोलायचं आहे, तो गायक आयुष्यभर झील धरूनच उभा राहिला. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातला अब्दुल फकीर. घरीदारी सगळे त्याला 'ड्यूक' म्हणत. 'फोर टॉप्स' या सोल संगीत, म्हणजे चर्चच्या गाण्यांतून आलेलं कृष्णवर्णीयांचं लोकप्रिय संगीत, गाणाऱ्या चौघांच्या गटाचा तो संस्थापक-गायक.

अब्दुल फकीर हे नाव ऐकून तुम्ही चमकला असाल. त्याचे वडील आजच्या बांगलादेशातले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश जहाजांवरचे कितीतरी बंगाली मुसलमान खलाशी अमेरिकेच्या बंदरांत उतरले आणि तिथेच राहिले. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत मजुरी मिळत होती. कायद्याने आशियाई लोकांना दार बंद केलं होतं, गोऱ्यांच्या वस्तीत जागा नव्हती. मग अनेकांनी कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत घरं केली, तिथल्याच मुलींशी संसार थाटले. ड्यूकचे वडीलही कारखान्यात कामाला होते. आई आफ्रिकन-अमेरिकन, चर्चच्या गाण्यात रमणारी. २६ डिसेंबर १९३५ रोजी जन्मलेला हा मुलगा वडिलांकडून नाव घेऊन आला आणि गळा चर्चमध्ये तयार झाला.

त्याच भागात लिव्हाय स्टब्ज राहायचा. दोघे शाळासोबती. दुसऱ्या शाळेतले ओबी बेन्सन आणि लॉरेन्स पेटन त्यांना येऊन मिळाले. एका पार्टीत चौघे पहिल्यांदा एकत्र गायले. लिव्हायने सुरुवात केली आणि बाकीचे तिघे न ठरवता आपापल्या सुरात जाऊन बसले. हे साधारण १९५३-५४ सालचं. आधी त्यांनी 'फोर एम्स' असं नाव घेतलं होतं, पण त्याच उच्चाराचा दुसरा एक गट प्रसिद्ध होता, म्हणून 'फोर टॉप्स' झालं.

यश मात्र लगेच आलं नाही. १९५६ पासून त्यांनी एकामागून एक रेकॉर्ड कंपन्या पाहिल्या आणि एकही गाणं चाललं नाही. नाइटक्लबांत जॅझ गायचे, जुनी लोकप्रिय गाणी गायचे, मिळेल त्या गावी जायचे. गट जमल्यापासूनची दहा वर्षं. या दहा वर्षांबद्दल मला फार आदर वाटतो. कारण चार तरुण पोरं, पैसे नाहीत, नाव नाही, आणि तरी एकही जण सोडून गेला नाही. चौघांच्या सुरांची वीण याच काळात इतकी घट्ट झाली की पुढे ती कुणाला उसवता आली नाही. सुरावटींची मांडणी पेटन करायचा. खालचा सूर बेन्सनचा, सगळ्यात वरचा ड्यूकचा.

१९६३ साली ते बेरी गॉर्डी यांच्या मोटाउन या डेट्रॉइटमधल्याच रेकॉर्ड कंपनीत आले. तिथे हॉलंड, डोझियर, हॉलंड हे गीतकार-संगीतकारांचं त्रिकूट होतं. त्या काळच्या बहुतेक गटांत मुख्य गायक टिपेचा असे. लिव्हायचा आवाज भारदस्त, मध्यम पट्टीतला. या तिघांनी एक युक्ती केली: गाणी मुद्दाम त्याच्या आवाक्याच्या पार वरच्या टोकाला बांधली. तिथे पोचताना लिव्हायला जोर लावावा लागे, आवाज फाटायला येई, आणि त्या ताणातूनच आर्जव उमटे. पण असा आवाज एकटा ऐकला तर कान थकतात. त्याच्या भोवती मऊ, अचूक सुरांचं कोंदण लागतं. ते काम ड्यूक, पेटन आणि बेन्सन या तिघांचं होतं.

१९६५ मध्ये त्यांचं एक गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि एक गंमत झाली. जुन्या कंपनीने त्यांचं पूर्वीचं एक गाणं पुन्हा बाजारात आणायचं ठरवलं. मोटाउनने घाईघाईने नवं गाणं लिहून घेतलं, ध्वनिमुद्रित केलं आणि चोवीस तासांच्या आत तबकड्या आकाशवाणी केंद्रांकडे रवाना केल्या! पुढच्या वर्षी आलेलं 'रीच आउट, आय विल बी देअर' अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही पहिलं आलं.

लिव्हायचं नाव गटाच्या नावाआधी स्वतंत्रपणे लावावं, असा विचार पुढे आला होता. त्याने तो मानला नाही. आणि मोटाउनने १९७२ मध्ये आपलं बस्तान लॉस एंजेलिसला हलवलं, तेव्हा हे चौघे डेट्रॉइटमध्येच राहिले. कंपनी बदलली, गाव बदललं नाही.

डिसेंबर १९८८ मध्ये ते लंडनला होते. पॅन ॲमच्या १०३ क्रमांकाच्या विमानाने नाताळासाठी घरी परतायचं ठरलं होतं. त्यांचं ते विमान चुकलं. स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर त्या विमानात बॉम्बस्फोट झाला आणि २७० माणसं गेली.

१९९७ पर्यंत, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षं, गटात तेच चौघे होते. त्या वर्षी पेटन कर्करोगाने गेला. उरलेल्या तिघांनी काही काळ नुसतं 'टॉप्स' असं नाव लावलं. 'फोर' म्हणायला जीभ रेटली नसेल. पुढे २००५ मध्ये बेन्सन गेला. आजारपणामुळे थांबलेला लिव्हाय २००८ मध्ये गेला. ड्यूक एकटा उरला.

त्याने गट मोडला नाही. नवे गायक घेतले, त्यांत पेटनचा मुलगा रोकेलही आला. ज्या मित्राच्या शेजारी उभं राहून तारुण्य गेलं, त्याच्या मुलाच्या शेजारी ऐंशी ओलांडलेला ड्यूक आपला वरचा सूर लावत होता. २२ जुलै २०२४ रोजी, डेट्रॉइटमधल्या राहत्या घरी, वयाच्या ८८ व्या वर्षी त्याचं निधन झालं.

श्रोतेहो, 'रीच आउट' कधी ऐकलंत तर एक करा. सुरुवातीला बासरीजातीच्या वाद्यांचे सूर येतील, पाठोपाठ घोडा दौडत यावा तसा ठेका, मग लिव्हायची हाक. पहिल्यांदा तीच ऐका, ती ऐकल्याशिवाय राहवणारच नाही. दुसऱ्यांदा लावाल तेव्हा मात्र कान मागे न्या, हाकेला ओ देणाऱ्या आवाजांकडे. त्यात मोटाउनच्या सहगायिकाही आहेत. त्या गर्दीत वरच्या पट्टीत एक पुरुषाचा आवाज सापडतो का पाहा. सापडला, तर तो ड्यूक.

नमस्कार.